आठव्या गाण्यात कुणी गात नाही

आमच्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि आठव्यात कुणी गात नाही. गिटार आहे, ड्रम्स आहेत, आणि आवाज जिथे यायला हवा तिथे जागा सोडलेली आहे. इंटरनेटवर ते ऐकून आजही कुणीतरी खाली लिहितं, "भाई, लास्ट ट्रॅकचे व्होकल्स टाकायचे राहिले वाटतं." सुरुवातीला मी उत्तरं द्यायचे. आता देत नाही. काही राहिलेलं नाही. ते तसंच ठेवायचं असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते का ठरवलं हे कमेंटखालच्या दोन ओळींत मावणारं नाही.

माझं बालपण पत्रकांत गेलं. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. पिवळ्या नाहीतर गुलाबी, स्वस्तातल्या कागदावर ती छापून यायची आणि घरभर पसरायची. उरलेल्यांची माझ्या वह्यांना कव्हरं. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर 'कामगार बंधू-भगिनींनो' असं लिहिलेलं होतं. बाई विचारायच्या, "आज कुठला संप?" आणि वर्ग हसायचा.

नवीन पत्रक छापायला जाण्याआधी बाबा ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. मी जिथे अडखळेन तिथे पेन्सिलने खूण करायचे. "तू अडखळलीस म्हणजे वाक्य चुकलंय. पाळी सुटून दमून आलेल्या माणसाला हे चालता चालता कळलं पाहिजे." आणि दुसरा नियम असा की पत्रकाखाली कुणाचं नाव टाकायचं नाही. खाली फक्त 'आपलेच, कामगार' असायचं. एकदा मी विचारलं होतं, लिहिलं तर तुम्ही, मग नाव का नाही? ते म्हणाले, "लिहिलं मी. म्हणणं माझ्या एकट्याचं नाही."

हे दोन नियम मी तसेच्या तसे उचलले. आजही मी त्यांच्यावरच जगते. म्हणून इथेही कुणाचं नाव नाही.

आमच्या बँडची गायिका माझी कॉलेजातली मैत्रीण. कोपरची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. वडील अजून होडी घेऊन जायचे, आई मासे विकायची. मी तिला 'बाय' म्हणायचे, कारण तिच्या घरात तिला तसंच म्हणत. ती मला 'कॉम्रेड' म्हणायची, कारण मला त्याचा राग यायचा.

खाडीत भराव टाकण्याविरुद्ध आम्ही काही पोरापोरींनी एक निदर्शन केलं होतं, तेव्हाची गोष्ट. घोषणा माझ्या, माईक भाड्याचा. अर्ध्यावर माईक बंद पडला. मी हातात कागद घेऊन उभी, आणि माझ्या मागून एक आवाज आला. तो बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. पत्र्यावरून काहीतरी जड ओढत न्यावं तसा. रस्त्यापलीकडचा वडापाववाला हातातला झारा थांबवून बघत राहिला. मागे वळले तर बाय. घोषणा देऊन झाल्यावर ती नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "पुढची ओळ सांग ना, मला पाठ नाहीये."

मेटल गाण्यांतला हा आवाज काढायची एक पद्धत असते. तो गळ्यातून नाही, पोटातून यावा लागतो, नाहीतर गळा फाटतो. ती इंटरनेटवर बघून शिकलेली आणि सराव करायला खाडीच्या बांधावर जायची. तिथे तिवरं, चिखलातल्या निवट्या आणि बगळे सोडून कुणी ऐकायला नाही, असं तिला वाटायचं. आळीत मात्र बोलवा झाली की हिच्या अंगात येतं. तिच्या आईने मला एकदा दारातच पकडून विचारलं. त्यांच्या बोलीत 'ळ' चा 'ल' होतो.

"तूच लिवतंस ना त्या वरडायचं?"

"हो, मावशी."

"देवी अंगात येते तवा ती काय बोलते त्या तरी कलते. हिचा काय कलत नाय."

गंमत म्हणजे घरी बाबांचीही तक्रार तीच. पहिल्या गाण्याचं रेकॉर्डिंग मी त्यांना ऐकवलं तर ते चष्मा काढून नीट बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, "राग कळला. मागणी कळली नाही." मी चिडले. म्हटलं, बाबा, तुमची पत्रकं लोकांना नीट कळायची, म्हणून काय झालं? कंपनी बंदच पडली ना? त्यांनी फक्त गाण्याचं पत्रक मागून घेतलं. आमच्या प्रत्येक गाण्याचे शब्द मी पिवळ्या कागदावर छापायचे आणि जिथे वाजवू तिथे वाटायचे. आवाजात कळलं नाही तर कागदावर कळावं. पुष्कळ लोक ती क्लासची जाहिरात समजून न बघताच घडी घालायचे.

रेकॉर्डिंग विठ्ठलवाडीला व्हायचं. गिटारवाला आमच्याच कॉलेजचा. त्याच्या काकांचा जीन्स शिवायचा कारखाना होता आणि वरची खोली आम्हाला मिळालेली. भिंतींना कापडाच्या तुकड्यांनी भरलेल्या गोण्या लावलेल्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. आत सगळीकडे निळीसारखा रंगाचा वास. घरी गेलं की हाताची बोटं निळी दिसायची. ड्रमर ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळ राहणारा. तो दहीहंडीपासून नवरात्र संपेपर्यंत बँजो पार्टीत वाजवायचा. ते त्याच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं, त्यामुळे त्या काळात त्याला बोलवायचं नाही हे ठरलेलंच होतं. तो म्हणायचा, "देवीसमोर वाजवतो तेच तुमच्याकडे वाजवतो, फक्त तिकडे लोक नाचतात आणि तुमच्याकडे मान मोडून घेतात."

आमच्या प्रकारच्या गाण्यांत एक रिवाज आहे. जे गाणं गळ्यावर सर्वांत जड, ते सगळ्यांत शेवटी रेकॉर्ड करतात. एकदा ते झालं की गळा पुढे काही दिवस कामाचा राहत नाही. आणि गळा आधीच थकलेला असेल तर त्या गाण्याला ते हवंही असतं. आमचं आठवं गाणं तसं होतं. ते बायच्या आईचं होतं. बाय बांधावर बसून बोलत गेली आणि मी लिहीत गेले. त्याच्या शेवटी तिचा आवाज खरोखर फाटला पाहिजे, असं तिनेच ते रचलं होतं. "सात गाणी झाली की माझ्यात जेवढं उरेल तेवढं याच्यात घालणार," ती म्हणायची. "मग महिनाभर मला कुणी हाक मारायची नाही."

तोपर्यंत गळा जपायचा म्हणून ती सरावातही ते पूर्ण आवाजात गायची नाही. वाजवणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून एक कच्चा ट्रॅक लागतो, तो मी केला. म्हणजे गायले नाही. मला गाता येत नाही. बाबांसमोर वाचायचे तसं ठेक्यावर वाचलं. ऐकून बाय पोट धरून हसली. "काय कॉम्रेड, रेशनच्या दुकानासमोर उभी आहेस का?"

सात गाणी झाली तेव्हा गोविंदा तोंडावर आला होता. आठवं दसऱ्यानंतर घ्यायचं ठरलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दसऱ्याच्या आधीच तिच्या मानेवरची सूज दिसायला लागली. तिला वाटलं सरावामुळे आहे. मग गिळताना दुखायला लागलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात तिच्याबरोबर मी गेलेले. डॉक्टर भले माणूस होते. कागदावर गळा काढून त्यांनी समजावलं की ही गाठ आहे, चांगली नाही, काढावी लागेल, आणि तिला लागूनच आवाजाची नस जाते. ती वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू, पण खात्री देत नाही.

बाय म्हणाली, "मी गाते."

"अच्छा. काय गाता? भावगीतं?"

"किंचाळते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "आता तेही नको. ऑपरेशन होईपर्यंत अजिबात ताण नको."

बाहेर बाकावर बसल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक टेक. एकच. उद्या सकाळी जाऊ विठ्ठलवाडीला."

मी नाही म्हटलं. बाबांच्या युनियनमध्ये उपोषणाला बसलेल्याची तब्येत ढासळली की त्याला उठवायचे, तो कितीही नको म्हणाला तरी. आधी माणूस, मग मागणी. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पत्रक वाचू नको." पण ती गेली नाही. घरी जाऊन तिने आईच्या हातची चिंबोऱ्यांची कालवणं खाल्ली आणि ऑपरेशनच्या दिवसाची वाट बघत बसली.

गाठ निघाली. बाय वाचली. गाठीने नसेला पूर्ण वेढलेलं होतं, त्यामुळे नस गेली. डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले. तिचा आवाज परत आला तो नुसत्या हवेसारखा. कुजबूज म्हणावी तर तीही नाही, कारण कुजबुजणारा माणूस मनात आणलं तर मोठ्याने बोलू शकतो. तिच्या घरात ती बोलायला लागली की आता टीव्ही बंद करतात. तिला त्याचा राग येतो. तिचं वाक्य संपेपर्यंत सगळं घर शांत राहतं आणि ती फक्त मीठ मागत असते.

थंडी संपता संपता गिटारवाल्याने आम्हाला विठ्ठलवाडीला बोलावलं. काय आहे ते सांगितलं नाही. खोली तशीच, गोण्या तशाच, खाली मशिनींचा आवाज. बाय पहिल्यांदाच परत आलेली. गळ्याला ओढणी गुंडाळलेली. ड्रमर कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला, म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं.

गिटारवाला म्हणाला, "ऐका आधी. मग बोला."

आणि आठवं गाणं सुरू झालं, आणि त्यात बाय गात होती.

मला कळायला वेळ लागला. तिच्या सात गाण्यांवरून त्याने कॉम्प्युटरला तिचा आवाज शिकवला होता, आणि माझ्या त्या रेशनच्या दुकानासमोरच्या वाचनावर तो आवाज चढवला होता. हुबेहूब. तिच्या गुरगुरण्यातला 'ळ' चा 'ल' सुद्धा. इतका तिचा की माझ्या अंगावर काटा आला, आणि मग संताप आला.

"हे बंद कर," मी म्हटलं.

"का?"

"का म्हणजे? तिला न विचारता तिचा आवाज काढलास तू. याला चोरी म्हणतात."

"मी महिना झोपलेलो नाही ह्याच्यासाठी," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं तिला बरं वाटेल. तुला काय वाटलं, विकणार होतो काय मी?"

"आज नाही विकणार. पण उद्या प्रत्येक कंपनी हेच करणार. माणूस बाहेर, त्याचं काम आत."

"हिला सगळीकडे कंपनीच दिसते," ड्रमर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

बाय काहीतरी बोलली. कुणालाच ऐकू गेलं नाही. गिटारवाल्याने पळत जाऊन खालच्या मशिनी थांबवायला सांगितलं. कारखाना शांत झाला. मग ती माझ्याकडे बघून बोलली, एकेक शब्द सुटा करत.

"तूच म्हणायचीस ना. नाव नको. म्हणणं एकट्याचं नसतं. मग आवाज तरी माझ्या एकटीचा कशाला?"

माझा सगळ्यांत लाडका नियम तिने माझ्यासमोर ठेवला होता आणि त्यात मला कुठे अडखळायला होत नव्हतं. वाक्य बरोबर होतं. तरीही माझं मन ओरडून सांगत होतं की हे बरोबर नाही.

गिटारवाला म्हणाला, "मी डिलीट करतो."

"थांब." तिने हात वर केला. "परत लाव."

तिने ते पुन्हा ऐकलं. मग फक्त शेवट ऐकला. मग पुन्हा शेवट. डोळे मिटून, मान खाली घालून, रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतःच्या चुका शोधायला बसायची तशी. मला तो वेळ सहन झाला नाही. स्वतःच्याच आवाजाला ती असं ऐकत होती, आणि तो आवाज मी आयुष्यात परत समोरासमोर ऐकणार नव्हते.

शेवटी ती म्हणाली, "दमत नाही ती."

"काय?"

"सात गाणी गाऊन आलीय ना ती? मग शेवटी गळा फाटायला पाहिजे. हिचा फाटत नाही. हिला आणखी दहा गाणी दे, तशीच गाईल." ती थांबली. तिला एवढं बोलायलाही श्वास पुरत नव्हता. मग माझ्याकडे बघून हसली. "तुझ्या बाबांच्या कंपनीला अशीच माणसं पाहिजे होती, नाही का गं?"

कुणी हसलं नाही. तिने गिटारवाल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. तो रडायला लागला. काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. त्याने तिच्यासमोरच ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. गाणं नुसत्या वाद्यांचं राहिलं. शब्द पत्रकावर छापायचे ठरले, आणि मी म्हटलं की लोक वाचतील. बाबा सांगायचे, फाटकावरच्या सभेत माईक काढून घेतला की सगळे कामगार हातातलं पत्रक एकदम मोठ्याने वाचायचे. तसं होईल.

तसं झालं नाही.

अल्बमच्या कार्यक्रमासाठी डोंबिवलीत एका शाळेचा छोटा हॉल दुपारपुरता मिळाला होता. काळ्या टी-शर्टातली पोरं आली, बऱ्यापैकी आली. बाबा शेवटच्या रांगेत, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. घड्या त्यांनीच घातल्या होत्या. बायची आई पहिल्या रांगेत, खास ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि तिच्या एका बाजूला बाय, एका बाजूला मी. सात गाणी स्पीकरवरून रेकॉर्ड केलेल्या आवाजात झाली, दोघे समोर वाजवत होते. पोरं खूश होती. मावशी कानावर हात ठेवून बसल्या होत्या आणि मधून मधून बायकडे बघत होत्या, हा आवाज हिच्यातून यायचा यावर अजून विश्वास बसत नसल्यासारख्या.

मग आठवं सुरू झालं. मी मागे वळून बघितलं. पिवळे कागद पोरांच्या हातात होते. काहींनी त्याचे पंखे केले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे व्होकल दे ना!" बाबांच्या काळातली ती माणसं एका पाळीत, एका वासात वर्षानुवर्षं राहिलेली होती. ही पोरं एकमेकांना ओळखतही नव्हती. हे मला आधी कळायला हवं होतं असंही म्हणवत नाही. मला ते हवं होतं, एवढंच.

बाय सरळ समोर बघत होती. तिचे ओठ हलत होते.

मावशींनी माझ्या दंडाला धरून ओढलं. हातातलं पत्रक माझ्यासमोर धरलं. "यान काय लिवलंय? मना वाचून दाखव."

आवाज एवढा की मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं. मी ओरडून वाचत गेले. की आई, तुझ्या पाटीत हल्ली मासा कमी आणि बर्फ जास्त. की खाडीला वास नव्हता तेव्हा तुझ्या हातांना होता, आणि शाळेत मी त्याची लाज धरली. की तू दारोदार हाक मारलीस तेव्हा मी शिकले. मावशी मान न हलवता ऐकत होत्या. गाणं कुठवर आलंय याचं मला भान राहिलं नाही. वाद्यं एकदम थांबतात तो शेवट आला आणि हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत माझा एकटीचा आवाज उरला.

"आई, तू ओरडून दमलीस. आता मी ओरडते."

सगळे वळून बघायला लागले. मग टाळ्या झाल्या. त्यांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे.

टाळ्या थांबल्यावर मावशी म्हणाल्या, "एवरंच?"

"हो."

"मंग घरी बोलायचा व्हता ना मना. त्याला वरडायला कनाला पायजे?"

बायने ते ऐकलं. ती आईकडे वाकली आणि काहीतरी बोलली. हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या, पोरं उठत होती. मला तिचे नुसते ओठ दिसले. मावशींनी जन्मभर बाजारात केलं तसं कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, "काय? मोठ्यानं बोल गो, बाय."

आणि मग त्यांनीच तोंडावर पदर ओढून घेतला.